पावसाचं पाणी आणि बाबांचं धोतर

त्या पावसाळ्यात मी दर दोन-तीन दिवसांनी एक चंबू काळं पाणी मोरीत ओतत होते, आणि दर वेळी डोक्यात तीच तिडीक जात होती. प्रयोगशाळेमागच्या गटाराचा दगड काळा पडला. विद्यार्थी विचारायचे, "मॅडम, इथं शाई सांडली का?" मी त्यांच्यावर उखडायचे. शाई सांडली असती तर परवडलं असतं.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कर्जत तालुक्यात नुकत्याच निघालेल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. घर पळसदरीजवळच्या गावात, स्टेशनपासून शेताच्या बांधानं चालत जायचं. बाबांची भातशेती. मुंबईतल्या एका सरांच्या हाताखाली मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी नाव नोंदवलं होतं. प्रबंध झाला तर लेक्चरर, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या वर्गाच्या परीक्षानळ्या विसळायच्या. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतली होती. आता ती दसऱ्यानंतर संपणार होती आणि पुन्हा मिळणार नव्हती.

विषय सरांनीच दिला होता. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे आणि त्यात अमोनिया ओतायचा, की पाणी क्षणात काळंकुट्ट होतं. तो काळा साका म्हणजे चुंबकदगडाचाच भुगा, पण इतका बारीक की आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसायचा नाही. आता त्याला नॅनो म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. आम्ही नुसता 'काळा' म्हणायचो. तो धुऊन शुद्ध पाण्यात सोडला की पुढचा प्रश्न. पाण्यात या कणांच्या अंगावर वीज चढते. सगळ्यांवर सारखीच वीज असली तर ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत आणि पाण्यात उभे राहतात. वीज उतरली की गळ्यात गळे घालून तळाशी बसतात. हे काळं पाणी यू आकाराच्या काचेच्या नळीत भरायचं, वर दोन्ही बाजूंना अलगद साधं पाणी सोडायचं आणि बॅटरीच्या तारा लावायच्या. मग काळ्याचा काठ एका बाजूला चढतो, दुसरीकडे उतरतो. कुठल्या बाजूला आणि किती वेगानं, एवढंच मला मोजायचं होतं. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकताना सोपंच वाटलं होतं.

प्लॅटिनमच्या तारा आमच्या कॉलेजाला कुठून परवडणार? मी ट्रान्झिस्टरच्या संपलेल्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या काढून, घासून वापरल्या. त्या चालल्या. अडलं ते पाण्यावर.

कॉलेजात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, पण त्याची कॉइल जळाली होती आणि नवी कॉइल 'येतेय' असं ऑफिसात वर्षभर सांगत होते. विहिरीचं पाणी क्षारांचं, त्यात काळा टाकला की लगेच गठ्ठे. सरांकडे पाणी मागितलं तर ते म्हणाले, "इथल्याच मुलांना पुरत नाही. पाण्याचं तुमचं तुम्ही बघा." मग मी चौक गावाला जाऊन हमरस्त्यावरच्या गॅरेजमधून गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "एकदम प्युअर हाय बाई, डोळे झाकून न्या." लिटमस कागद त्यात बुडवला तर लालभडक. ज्या कॅनमध्ये पाणी त्याच कॅनमध्ये आधी अॅसिड असायचं. मी पुन्हा चौकला जाऊन भांडले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बॅटरीनं तर कदी तक्रार केली नाय."

शेवटी उपाय सुचवला बाबांनी. ओटीवर बसून त्यांनी माझा सगळा त्रागा ऐकला आणि वर बोट केलं. "ह्ये बघ. हितं वरून फुकट पडतंय, आनि तू चौकला जाऊन बॅटरीचं पानी मागतेस?"

आषाढ चालू होता. कौलांवरून आलेलं पाणी नको, झाडाखालचं नको, थेट आभाळातलं हवं, असं मी बजावलं. बाबांनी अंगणात चार बांबू रोवले. वर काय बांधायचं, हा प्रश्न आला तेव्हा ते आत गेले आणि ट्रंकेतून त्यांचं ठेवणीतलं धोतर घेऊन आले. वैशाखात चुलतभावाच्या लग्नात नेसलं होतं, त्यानंतर आईनं पुन्हा धुऊन, घडी करून ठेवलेलं. घरातलं सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात पांढरं कापड तेच. आई कुरकुरली, पण बाबा म्हणाले, "पोरीच्या शिक्षनाला लागतंय. मी काय रोज लग्नाला जातो?" धोतराची चार टोकं बांबूंना बांधली, मधोमध एक गुळगुळीत गारगोटी ठेवून झोळ पाडला, खाली काचेची मोठी बरणी. तासाभरात बरणी भरली.

ते पाणी मी कॉलेजात नेलं, उकळून त्यातली हवा काढली आणि त्यात काळा सोडला. तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उभा, आठवड्यानंतरही उभा. यू नळीत त्याचा काठ सुरीनं कापल्यासारखा दिसायचा आणि धन बाजूला शिस्तीत, सावकाश चढायचा. एकाच बरणीतल्या पाण्यावर मी सगळी मोजमापं पुन्हा पुन्हा केली. दर वेळी तीच. मी मुंबईला जाऊन सरांना आकडे दाखवले. सर माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत म्हणाले, "अरे वा! कर्जतच्या पाण्यात जादू आहे." कुठल्याशा बैठकीत त्यांनी ते आकडे सांगूनही टाकले. परतताना मी आईसाठी साडी आणि बाबांसाठी टोपी घेतली. आपण आता सुटलो, असं मला वाटलं.

बरणी संपली. पाऊस पडतच होता, धोतर बांधलेलंच होतं. दुसरी बरणी नेली आणि काळा बसला.

नुसता बसला नाही, त्यानं माझा अंत पाहिला. सकाळी टाकावा तर दुपारपर्यंत खाली गाळ आणि वर गढूळ करडं पाणी. कधी काठ धन बाजूला सरकायचा, कधी ऋण बाजूला, कधी जागचा हलायचाच नाही. अमोनिया बदलला. क्षारांची नवी बाटली फोडली. कांड्या बदलल्या. काच क्रोमिक अॅसिडनं धुतली, त्यात पदराला भोकं पडली. खोपोलीच्या चिमण्यांचा धूर पावसात उतरत असेल म्हणून वारा बघून पाणी धरू लागले. पाण्यात मीठ आहे का, चुना आहे का, सगळं तपासलं. काहीच नव्हतं. मग संशय धोतरावर.

"आई, याला साबण लावलास का?"

"नाय गं. तू नको म्हनालीस ना? नुसतं पान्यात खंगाळते."

"नीळ?"

"देवाशपथ नाय. येकदा सांगितलेलं मला समजत नाय का?"

ती खोटं बोलणारी नव्हती. मी स्वतः ते धोतर ओढ्याच्या पाण्यात आणि मग पावसाच्या पाण्यात पाच-पाच वेळा पिळून काढू लागले. जितकं स्वच्छ करावं तितका काळा लवकर बसायचा. नाकात दम आला. पहिल्या बरणीतलं उरलेलं थोडं पाणी मी उकळून, लाख लावून एका बाटलीत बंद करून ठेवलं होतं. येता-जाता त्या बाटलीकडे बघायचे आणि वाटायचं, हिच्यात आहे तरी काय? पण ती फोडायची हिंमत होत नव्हती. तेवढंच काय ते चांगलं पाणी जगात उरलं होतं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! एकदा आलं ते पुन्हा आलंच पाहिजे. पाण्याला दोष देऊ नका, हात सुधारा." मी फसलेल्या खेपांचे आकडे पुढे केले. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "हे असलं लिहून ठेवत जाऊ नका. त्यानं गोंधळ वाढतो. काळा उभा राहिला की तेव्हाचे आकडे आणा." उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जात होतं? पण गुरूचं ऐकायचं, अशी आमची वाढ. मी लिहिणं सोडलं. काळा बसला की मोरीत ओतायचा, बस.

घरात आता रात्रंदिवस त्याचाच विषय. आईनं गावदेवीला नारळ बोलला, 'पोरीचं काळं पानी उभं राहू दे.' बाबा संध्याकाळी शेतावरून आले की चिखलाचे पाय धुवायच्या आधी विचारायचे, "उभं राह्यलं का गं?" मी नुसती मान हलवायचे. एकदा मी वसकन ओरडले, "नका ना विचारू रोज!" त्यांनी दुसऱ्या दिवसापासून विचारणं सोडलं, पण माझ्या तोंडाकडे बघायचे. तेही मला सहन व्हायचं नाही.

घट बसले, आणि सरांचा निरोप आला. पुण्याला जाताना ते कर्जतला उतरणार होते. स्वतःच्या डोळ्यांनी काळा उभा राहिलेला बघायचा, सगळं ठीक असेल तर प्रबंध लिहायला परवानगी, नसेल तर विषय बंद. मुदत संपतच आली होती, तेव्हा विषय बंद म्हणजे नावही बंद. जेवायला घरी या, असं मी त्यांना कळवलं. इतक्या लांबून गुरू येणार आणि जेवल्याशिवाय जाणार, हे आईला मान्य होणारच नव्हतं.

आईनं घर सारवलं. सायबांसमोर बाबांनी मळके कपडे घालून बसू नये म्हणून तिनं धोतर बांबूंवरून काढलं, धुतलं आणि मागच्या पडवीत वाळत टाकलं. मी तेव्हा कॉलेजात होते, हताश. सर येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी हस्त नक्षत्राचा, हत्तीचा पाऊस कोसळला, त्या हंगामातला शेवटचाच. माझ्याकडे ताजं पाणी थेंबभर नव्हतं. बाबा शेतातून धावत आले, पडवीतलं धोतर ओढलं आणि पुन्हा बांबूंना बांधलं. मी घरी पोचले तेव्हा बरणी भरून ठेवलेली होती. बाबा भिजून थरथरत होते आणि हसत होते.

त्याच संध्याकाळी त्यातलं थोडं पाणी कॉलेजात नेऊन मी त्यात काळा सोडला. तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांसमोर तारा लावल्या. काठ धन बाजूला चढू लागला, पहिल्या बरणीसारखाच सरळ, त्याच चालीनं. सरांनी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. "काय म्हणालो होतो मी? हात सुधारा, म्हणालो होतो. आता लिहायला घ्या." मला रडू आलं आणि मी ते खोकल्यात लपवलं.

घरी पानं मांडली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, नवरात्र म्हणून गोडाचं. बाबा सरांशेजारी बसायला आले. धोतर चुलीजवळ धरून कसंबसं वाळवलेलं, नेसल्यावर अंगाला चिकटून लोंबत होतं. आई वाढता वाढता ते बघून हळहळली, आणि पाहुण्यासमोरच बाबांना म्हणाली, "येवढी मी पेजेची घट्ट खळ घातली व्हती, लग्नानंतर घडी करून ठेवताना घातली व्हती तशीच. तुमी ते पावसात नेऊन बांधलंत. सगळी खळ गेली पान्यात! आता ह्ये पोतेरं गुंडाळून बसलेत सायबांसमोर."

सर हसले आणि भाकरी मोडली. माझा घास हातात राहिला.

साबण विचारला होता. नीळ विचारली होती. खळ मी विचारली नव्हती आणि आईनं सांगितली नव्हती, कारण ठेवणीतलं धोतर म्हटलं की खळ आलीच. आमच्या घरात खळ म्हणजे धोतरात काही घालणं नव्हे, खळ म्हणजे धोतरच. आणि मी रसायनशास्त्राची असले तरी त्याच घरातली.

मी उठले. फळीवर टिंचर आयोडीनची बाटली होती. विळा लागला की बाबा तेच लावायचे. बरणीच्या तळाशी उरलेलं पाणी पेल्यात ओतून त्यात एक थेंब टाकला. पेज असली की आयोडीन निळं पडतं. पाणी निळं झालं. मग आतून ती लाख लावलेली बाटली आणली आणि फोडली. तेही निळं झालं. दोन्ही पेले मी सरांच्या पानासमोर ठेवले. न ठेवता राहणं मला जमलं असतं का? जमलं नसतं. माझा स्वभावच तसा.

सरांनी दोन्ही पेले उजेडाकडे धरून बघितले. कणांच्या अंगावर पेजेचं कवच चढलं होतं, म्हणून ते उभे होते, म्हणून त्यांची चाल एवढी शिस्तीची होती. हे त्यांनाही तेव्हाच कळलं. बैठकीत सांगितलेले आकडेही आठवले असावेत. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही काळ्याचा नाही, पेजेचा अभ्यास केलात." आणि मग, अगदी सहज, "पण मधल्या दिवसांत साध्या पाण्यात जो बसत होता तो खरा. त्याचे आकडे कुठायत?"

"तुम्हीच लिहू नका म्हणालात, सर."

"मी?" सर म्हणाले. "संशोधकानं सगळं लिहून ठेवायचं असतं."

भरल्या घरात, आईबाबांसमोर मी काय बोलणार होते? आत नुसता वणवा पेटला होता. त्यांनी हात धुतले, आईला "सुगरण आहात" म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला गेले. जाताना स्टेशनावर म्हणाले की एवढ्या दिवसांत नवी मोजमापं होणं शक्य नाही, मुदत ते वाढवून मागू शकत नाहीत, वाईट वाटतं.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. "खळ घातली ते चुकलं का गं माजं?" मला ओरडायचं होतं, पण कुणावर? मी म्हटलं, "नाही गं, तू काय केलंस?" आणि पडवीत जाऊन पालथी पडले.

संध्याकाळी ओढ्यावरून आपटण्याचा आवाज येऊ लागला. बाबा ते धोतर दगडावर आपटून खळ काढत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत आपटत राहिले, मग आणून बांबूंना बांधलं आणि खाली बरणी ठेवली. पण हत्ती बरसून गेला होता. आभाळ लख्ख. धोतर कोजागिरीपर्यंत तसंच कोरडं ताणलेलं राहिलं, त्यात पानं पडली, कावळे बसले. आईच ते काढून आत घेऊन गेली. तोवर माझं नाव कमी झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजाच्या यंत्राची नवी कॉइल आली. वर्षभर कुथून कुथून ती तेव्हा आली. कुणाला नको होतं तरी मी शुद्ध पाणी काढलं, त्यात काळा सोडला, तारा लावल्या. दुपारपर्यंत तो तळाशी बसला. मी आकडे लिहिले, पुन्हा केलं, पुन्हा लिहिले. पावसात बसत होता तसाच बसत होता. सगळा पावसाळा तो मला खरं सांगत होता आणि मी त्याला मोरीत ओतत होते. हे कळून समाधान वाटायला हवं होतं. मला फक्त चीड आली.

त्या संध्याकाळी बाबा भाताचे भारे टाकून ओटीवर आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी विचारलं, "काळं पानी केलंस का गं आज?"

"केलं, बाबा."

"उभं राह्यलं?"

"नाही. बसलं. ते बसायलाच पाहिजे होतं, बाबा. तेच बरोबर होतं."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या त्या चार बांबूंकडे बघत विचारलं, "मंग इतकं दिस आपन देवीकडं काय मागत व्हतो?"